सिस्टरला विचारा : सतरा वर्षांनी दारात आलेली नणंद

या महिन्यात एकाच विषयाची दोन पत्रं आली. पहिलं बेळगावच्या वडगावातलं. लांब आहे, पण जवळजवळ पूर्ण देते, कारण त्यातली एकही ओळ गाळण्यासारखी वाटली नाही.

पत्र

सिस्टर, नमस्कार.

आमच्या घरात दोन यंत्रमाग आहेत, हे चालवतात. सासूबाईंचं वय ७१. जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या त्यांनी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीत पडल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बारा दिवस दवाखान्यात होत्या, मग घरी आणलं. नाकात नळी आहे. नळीतून खाणं, अंग पुसणं, कूस बदलणं, लघवी-परसाकडचं, सगळं मी बघते. अडीच महिने झाले. मुलगा दहावीला आहे.

माझ्या नणंदेने २००८ साली गोकाकच्या एका कानडी मुलाशी लग्न केलं. सासऱ्यांनी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, माझी मुलगी मेली. २०१६ ला सासरे वारले तेव्हा ती आली होती. ह्यांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पायरीवर ती तिरडी निघेपर्यंत बसून होती. मी दाराआडून बघत होते, बाहेर गेले नाही.

फेब्रुवारीत शेजारणीने तिला कळवलं आणि ती आली. ह्यांनी अडवलं नाही, पण बोललेही नाहीत. तेव्हापासून दर शनिवारी येते, रविवारी संध्याकाळच्या बसने जाते. ज्या सासूबाई माझ्याशी एक शब्द बोलत नव्हत्या, त्या तिला बघून 'बा' म्हणाल्या. नंतर 'नीर', 'साक', 'ब्याड'. सगळं कानडी. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, चौथीपर्यंत कानडी शाळा. पण पन्नास वर्षं ह्या घरात मराठीशिवाय बोलल्या नाहीत. ह्यांना ते फार लागलं. 'आईने शेवटी तिची बाजू घेतली' म्हणतात. तिला बघितलं की सासूबाई रडतात, तेही ह्यांना सोसत नाही, उठून मागावर जाऊन बसतात. शेजारीपाजारी म्हणतात, काही म्हणा, पोटची ती पोटची. सिस्टर, मग मी केलं ते काय?

मागच्या रविवारी तिने गोकाकचा करदंट आणला. आईला आवडतो म्हणून एवढासा तुकडा तोंडात घातला. ठसका लागून सासूबाई निळ्या पडल्या. मी ओरडले, बोलू नये ते बोलले. ती रडत गेली. ह्या शनिवारी येईल की नाही, ठाऊक नाही. वर चुलत सासरे म्हणतात, घर सासूबाईंच्या नावावर आहे, ती यायला लागलीय तर आत्ताच अंगठा उठवून घ्या.

तिला येऊ द्यावं की नको?

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. येऊ द्या. शनिवारची वाट बघू नका, हा अंक हातात पडेल त्या दिवशी फोन करा, आणि तो तुम्ही करा, नवऱ्याला करायला लावू नका. त्याला अजून वेळ लागेल.

पण त्याच्याही आधी एक. त्या ठसक्यानंतर सासूबाईंना ताप आला काय? श्वास भरभर चालतोय, छातीत घरघर आहे, नेहमीपेक्षा जास्त गुंगीत आहेत, असं काही असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. पक्षाघातात पुष्कळदा गिळायचे स्नायूही लुळे पडतात. घास अन्ननलिकेत जायचा तो श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. मी एकतीस वर्षं मेडिसिन वॉर्डात काढली. पक्षाघातातून वाचलेली माणसं अशा न्यूमोनियाने गेलेली मी पुष्कळ पाहिली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कुणीतरी मायेनेच काहीतरी भरवलं होतं. चहाचा चमचा, प्रसादाचा शिरा. काहींना तर ठसकाही लागत नाही, नुसता आवाज ओला, घोगरा होतो. म्हणून गिळण्याची तपासणी होऊन डॉक्टर 'द्या' म्हणेपर्यंत तोंडाने काही नाही, पाणीसुद्धा नाही. करदंट तर चिवट, डिंकाचा. चांगल्या दातांच्या माणसालाही चावत बसावा लागतो.

हे तुमच्या नणंदेला कुणी सांगितलं होतं? पत्रावरून वाटतं, नाही. घरात तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं, तर सांगणार कोण? तुम्ही ओरडलात ते भीतीने, मला कळतं, मीही ओरडले असते. पण तिने केलं ते बारा दिवस दवाखान्यात न राहिल्यामुळे केलं. दवाखान्यात आम्ही नातेवाइकांना हे दहादा सांगतो. तिला ते एकदाही ऐकायला मिळालं नाही.

फोनवर तिला एक काम सांगा. तोंडाची स्वच्छता. नळीवर असलेल्या माणसाचं तोंड जास्त घाण होतं, कारण चावणं नाही, लाळ फिरत नाही. दिवसातून दोन-तीनदा डोकं उंच करून, बोटाला ओला गॉज गुंडाळून हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू पुसायची, लुळ्या बाजूची जास्त, तिकडे कफ साचून राहतो. गॉज पिळून घ्यायचा, पाणी घशात उतरता कामा नये. मग ओठांना थोडं तूप. न्यूमोनिया टाळायला याचा फार उपयोग होतो. आणि आईच्या तोंडात काहीतरी घालायची जी तिची ओढ आहे ना, तिला हे काम मिळेल. करदंट आणलाच तर नाकाशी धरू दे, वास येऊ दे. जीभ मात्र लागू द्यायची नाही.

आता कानडीचं. हे मुद्दाम सविस्तर लिहिते आणि तुमच्या मालकांना वाचायला द्या.

उजवी बाजू आणि वाचा एकदम जाते तेव्हा मार बहुधा मेंदूच्या डाव्या अर्ध्याला बसलेला असतो. बोलणं बहुतेकांचं तिथेच असतं. याला वाचाघात म्हणतात. माणसाला आतून काय म्हणायचंय ते ठाऊक असतं, शब्द सापडत नाही. दोन भाषा येणाऱ्याला वाचाघात झाला तर दोन्ही भाषा सारख्या परत येतातच असं नाही. कधी आधी शिकलेली येते, कधी रोज वापरातली, कधी दोन्हींची खिचडी. पित्र नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८९५ साली अशा रुग्णांवर लिहिलं, त्याचं म्हणणं जास्त सवयीची भाषा आधी परतते. त्याच्याआधी रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने म्हटलं होतं की लहानपणची परतते. आजवर दोघांपैकी कुणाचाच नियम सगळ्यांना लागू पडलेला नाही. कुठली भाषा आधी उगवेल हे रुग्णाच्या हातात नसतं, एवढं मात्र पक्कं.

आपल्या भागात हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. खानापूरकडचे एक आजोबा, घरात अस्सल मराठी, पक्षाघातानंतर नर्सला कानडीत हाका मारायचे. तरुणपणी धारवाडला नोकरी केलेली. मुलं कावरीबावरी झाली होती. आणि निपाणीची एक कानडी आजी, तिचे मोजके शब्द मराठीत आले, कारण तंबाखूच्या वखारीत सगळ्या बायका मराठी. त्या आजीची सून माझ्यापाशी येऊन रडली होती, तुमच्यासारखीच.

तुमच्या सासूबाईंनी बाजू घेतलेली नाही. लेक आली, कानात कानडी पडली असेल किंवा तिच्या चेहऱ्याने जुनं काहीतरी हललं असेल, आणि चौथीपर्यंतच्या शाळेतले चार शब्द वर आले. ते कुठल्या भाषेतले हे सोडा, शब्द आले ही मोठी गोष्ट आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत भरभर होते, पुढे वेग कमी होतो पण थांबत नाही. तुम्ही अडीच महिन्यांवर आहात. ह्या वेळेत रुसवे काढत बसणं परवडणारं नाही.

एक पुठ्ठा घ्या, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा : नीर – पाणी. साक – पुरे. ब्याड – नको. बा – ये. पलंगाजवळ टांगा. त्या 'ब्याड' म्हणाल्या की तुम्ही 'नको? बरं, नको' असं म्हणा. त्यांचा शब्द घ्यायचा आणि त्याला मराठी जोडून द्यायची. 'मराठीत बोला' असं म्हणायचं नाही, 'हे काय आहे सांगा बघू' अशी परीक्षा घ्यायची नाही. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाही उत्तराचा, आणि विचारून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबा. त्या बहिऱ्या झालेल्या नाहीत, मोठ्याने बोलायची गरज नाही. आणि त्यांच्या उशाशी उभं राहून घराच्या अंगठ्याच्या गोष्टी करू नका, त्यांना त्यातलं बरंच कळत असेल. रोज संध्याकाळी आरती म्हणा, एक ते वीस आकडे म्हणा, वार म्हणा. तोंडपाठ गोष्टी कधीकधी अख्ख्या बाहेर पडतात, एरवी शब्द न सापडणाऱ्या माणसाच्यासुद्धा. वाचा-उपचार करणारे मिळाले तर जरूर दाखवा.

रडण्याचंही सांगते. पक्षाघातानंतर काहींचा रडू आणि हसू यांच्यावरचा ताबा सुटतो. एवढ्याशा कारणाने डोळ्यांतून धारा लागतात आणि मिनिटात थांबतात. तुमचे मालक त्या प्रत्येक धारेत 'तू तिला उंबऱ्याबाहेर ठेवलंस' असं वाचतायत. आई तसं म्हणतही असेल, नसेलही. त्याला ते आईच्या रडण्यावरून ओळखता येणार नाही. त्याच्या मनात जे आहे ते त्याचं त्याने स्वतः, बहिणीसमोर, कधीतरी काढावं लागेल. आईला मध्ये साक्षीदार धरू नये. दिवसेंदिवस रडत राहिल्या, खाणं-झोप उडाली, तर मात्र डॉक्टरांना सांगा. पक्षाघातानंतर उदासीचा आजार पुष्कळांना होतो आणि त्यावर औषध आहे.

आता तुमचं. मी केलं ते काय, असं विचारलंत. अडीच महिन्यांच्या अंथरुणावर जखम झाली असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. त्याचा अर्थ मला कळतो. दर दोन तासांनी कूस, म्हणजे दिवसाला बारा वेळा, म्हणजे आजवर नऊशे वेळा तुम्ही एका मोठ्या माणसाला उचलून फिरवलंय, रात्री दोनला, चारला, मुलाच्या अभ्यासाचा दिवा चालू असताना. माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर जखम न होऊ देणं ही आमच्या वॉर्डात सगळ्यांत कठीण गोष्ट होती, आणि तिथे आम्ही तिघी-तिघी असायचो. शेजारणींना ते दिसत नाही, कारण न झालेली जखम दिसत नाही. मला दिसली. तुमच्या नवऱ्याने हे तोंडाने बोलून दाखवायला हवं. हे मी त्यांनाच उद्देशून लिहिते : भाऊ, हे वाचून झाल्यावर बायकोला तिच्या नावाने हाक मारा आणि एकदा म्हणा. मागावर जाऊन बसू नका.

माझं स्वतःचं थोडं सांगते. निपाणीजवळ आमची तंबाखूची जमीन. भावाची आणि माझी त्यावरून बोलाचाली झाली आणि सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर नजर चुकवायचो. १९९३ साली वडिलांना पक्षाघात झाला. मी रजा काढून गेले. पहिल्या रात्री खोलीत आम्ही दोघंच, मध्ये वडील. चादर ओली झाली होती. मी एका बाजूला चादरीची गुंडाळी धरली, त्याने दुसऱ्या बाजूला धरली, आणि मी सवयीने म्हणाले, 'एक, दोन, तीन'. 'तीन' त्यानेही माझ्याबरोबर म्हटलं. सहा वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं ते. वडील चाळीस दिवस होते. जमिनीचा विषय आम्ही त्या चाळीस दिवसांत काढला नाही, नंतरही धडपणे मिटवला नाही. पण तेराव्यानंतर भावाने मला बसपर्यंत सोडलं आणि खिडकीतून शेंगांची पिशवी दिली.

म्हणून सांगते, शनिवार-रविवारची वाटणी तासांत करा. शनिवारी रात्री दहा ते रविवारी सकाळी सहा ही नणंदेची पाळी. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. पहिल्या शनिवारी मात्र दोन तास तिच्याबरोबर राहून सगळं दाखवा. नळीवरची नाकाजवळची खूण जिथे आहे तिथेच आहे ना, हे प्रत्येक वेळी बघणं. सरकली असेल तर काही न घालता नर्सला किंवा डॉक्टरांना बोलावणं. डोकं उशांनी चांगलं उंच करणं, पिचकारी दाबून न ढकलता पेज आपल्या वजनाने उतरू देणं, नंतर अर्धा-पाऊण तास आडवं न करणं. उजवा हात धरून कधी ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही, लुळा खांदा निखळतो आणि मग दुखणं महिनोनमहिने जात नाही. शंभर पानी वही आणा. वेळ, काय दिलं, किती दिलं, कूस डावी की उजवी, गोळ्या, परसाकड. तिघांनीही त्यातच लिहायचं. भावाबहिणीला एकमेकांशी बोलायचं नसेल तर तूर्त वहीतून बोलू दे. रक्तदाबाच्या गोळ्यांची ओळ रोज भरलेली असली पाहिजे, दुसरा झटका टाळायचा तर त्या चुकवून चालत नाहीत.

अंगठ्याचं एका शब्दात सांगते : नको. वाचा गेलेल्या, किती समजतंय याची खात्री नसलेल्या बाईचा अंगठा घराच्या कागदावर घेणं ही तिची फसवणूक आहे, आणि कोर्टात असा कागद टिकवणंही कठीण. मृत्युपत्र नसेल तर आईच्या नावावरच्या घरात मुलगा-मुलगी सारखेच वारस असतात, लग्न कुणाशी केलं याने त्यात फरक पडत नाही. औषधाला त्यांच्याच खात्यातले पैसे लागत असतील तर बँकेच्या मॅनेजरला भेटा. अंथरुणावरच्या खातेदारासाठी दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे द्यायची सोय असते, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार माणूस असावा लागतो. ती साक्ष सगळ्यांसमोर होते, चुलत सासऱ्यांच्या खिशात होत नाही.

अजून एक. त्यांनी जन्मभर कांड्या भरल्या, असं लिहिलंत. एक रिकामी कांडी त्यांच्या डाव्या हातात देऊन बघा. मग ती उजव्या मुठीत ठेवून तुमचा हात वरून धरा आणि सावकाश फिरवा, दिवसातून चार-पाचदा, दुखेल इतकं नको. फिजिओथेरपीवाल्यांना दाखवून करा. हे काम तुमच्या मालकांना द्या. माग बंद करून दहा मिनिटं. काय होतं ते मला कळवा.

दुसरं पत्र, थोडक्यात

खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका गावचे, पुण्यात नोकरी करणारे वाचक लिहितात : वडिलांना कॅन्सर, अंथरुणावर आहेत. गावी मोठा भाऊ-वहिनी बघतात. भावाशी चार वर्षं बोलणं नाही. मी दर महिन्याला दहा हजार पाठवत होतो, या महिन्यात भावाने परत पाठवले. आता काय करू?

भाऊ, त्याला पैसे नको आहेत असं नाही, कॅन्सरच्या घरात पैसे कुणाला नको असतात? तुमच्याशिवाय आलेले पैसे त्याला मजुरीसारखे लागले असतील. आठ दिवसांची रजा काढा आणि जा. फोन करून 'येऊ का' विचारू नका, 'अमुक दिवशी येतोय' एवढंच वहिनीला कळवा. पुण्याच्या डॉक्टरांचं मत पहिल्या दिवशी सांगू नका, फाईल मागू नका, इतके दिवस हे का केलं नाही असं तर चुकूनही नको. दुखण्याची गोळी वेळेवर जाते की दुखल्यावर जाते, एवढं मात्र बघा. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती घड्याळावर द्यायची असते. दुखणं वर चढल्यावर ते खाली आणायला जास्त औषध लागतं.

येताना मोठ्या माणसांचे डायपर, प्लास्टिकची अंथरी, हातमोजे घेऊन या, जांबोटीकडे लगेच मिळत नाहीत. जेवणं झाल्यावर वडिलांच्या खोलीत आपलं अंथरूण घाला आणि भावाला म्हणा, 'तू झोप, आज मी जागा आहे.' पहिल्या रात्री एवढंच बोला.